को को थेट यांची कारकीर्द मराठी वाचकांसमोर कशी मांडावी?

दिवाळी अंकात बर्मी कवी को को थेट यांच्यावर वीस-बावीस पानांचा विभाग करावयाचा असून त्यांची ओळख कवी म्हणून करून द्यावी, अभ्यासक म्हणून द्यावी की देशाबाहेर राहणारा राजकीय लेखक म्हणून द्यावी, असे आपण विचारले आहे. त्यांचे पुष्कळसे लेखन इंग्रजीत असल्याने त्याला बर्मी साहित्य म्हणता येईल का, अशी आपल्या सहसंपादकांची शंकाही त्याच पत्रात आहे. अनुवादित कवितेची संकलने आणि विशेषांक करण्यात माझी बरीच वर्षे गेली असल्यामुळे माझे उत्तर एका बाजूला झुकलेले वाटण्याचा संभव आहे; तरीही ते स्पष्टपणे देतो. त्यांना सर्वप्रथम संपादक म्हणून मांडावे. त्यांच्यातला कवी आणि त्यांच्यातला अभ्यासक हे दोघेही त्यांच्या संपादनात कामाला आलेले दिसतात, आणि बर्मी साहित्यासाठी जे काम त्या काळात देशाबाहेर राहूनच होण्यासारखे होते, ते त्यांनी संपादक या नात्याने केले. त्यांनी कोणाच्या कविता निवडल्या, कोणत्या क्रमाने लावल्या आणि त्यांची जबाबदारी कशी घेतली, हा विभागाचा कणा ठेवावा.

मराठी वाचकाच्या मनातला ब्रह्मदेश बहुधा दोन ठिकाणी येऊन थांबतो. एक म्हणजे लोकमान्य टिळकांनी १९०८ ते १९१४ या काळात भोगलेला मंडालेचा तुरुंगवास, आणि दुसरे म्हणजे १८८५ साली राज्य गमावलेल्या थिबा राजाचा रत्नागिरीतला बंदिवास, जो १९१६ साली त्याच्या मृत्यूनेच संपला. त्यापुढच्या शतकाविषयी आपल्या वाचकाला फारसे कोणी सांगितलेले नाही. म्हणून विभागाच्या आरंभी दीड-दोन पाने पार्श्वभूमीला द्यावीत, आणि त्यात सत्तांतरांची सनावळी देण्यापेक्षा छापील शब्दावर नियंत्रण ठेवणारी यंत्रणा कशी चालत असे ते सांगावे, कारण को को थेट यांची सारी कारकीर्द त्या यंत्रणेला दिलेले उत्तर आहे.

२ मार्च १९६२ रोजी जनरल ने विन यांनी सत्ता हाती घेतली आणि त्याच वर्षी मुद्रक व प्रकाशक यांच्या नोंदणीचा कायदा आला. पुढच्या अर्धशतकात कोणतेही पुस्तक किंवा मासिक छाननी मंडळाच्या नजरेखालून गेल्याशिवाय वाचकापर्यंत पोहोचत नसे. मासिकांच्या बाबतीत ही छाननी बराच काळ छपाई पूर्ण झाल्यावर होत असे, आणि त्यामुळे आक्षेपार्ह ठरलेली पाने प्रत्येक प्रतीतून फाडून काढावी लागत किंवा ओळींवर शाई फासावी लागत. कागद, छपाई आणि मजुरी यांचा भुर्दंड प्रकाशकाने सोसावयाचा, तोही पुढच्या अंकाची परवानगी जाऊ नये म्हणून मुकाट्याने. छापखान्याशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना या व्यवस्थेतली क्रूर हिशेबी वृत्ती लगेच कळेल: अशा स्थितीत मंडळाने कात्री लावण्याआधी संपादक स्वतःच ती लावू लागतो. कवीही सूचकतेचा आश्रय घेऊ लागतो. २००८ च्या जानेवारीत सॉ वाय या कवीला एका साप्ताहिकात छापून आलेल्या प्रेमकवितेसाठी अटक झाली, कारण प्रत्येक ओळीचे आद्याक्षर जुळवून वाचले की लष्करप्रमुख थान श्वे यांच्या सत्तालोभावर बोट ठेवणारे वाक्य तयार होत होते. अशी ही पूर्वछाननी २० ऑगस्ट २०१२ रोजी उठली. ही तारीख विभागात अवश्य यावी. तिचे महत्त्व पुढे स्पष्ट होईल.

को को थेट यांचा जन्म १९७२ चा. नव्वदच्या दशकात ते रंगून येथील तंत्रज्ञान संस्थेत विद्यार्थी होते. १९८८ चे लष्करी राजवटीविरुद्धचे जनआंदोलन चिरडले गेल्यानंतरची ही पिढी. विद्यापीठे वारंवार बंद पडत होती आणि विद्यार्थ्यांच्या हाती उघडे असे एकही व्यासपीठ नव्हते. त्या काळात त्यांनी छाननीला न पाठवता कवितांच्या छोट्या पुस्तिका तयार केल्या आणि संस्थेच्या आवारात हातोहात वाटल्या. त्यांच्या चरित्रातली ही बाब बहुतेक ठिकाणी एका ओळीत उरकली जाते, पण माझ्या दृष्टीने कारकिर्दीची खरी सुरुवात तिथे आहे. स्वतःच लिहिणे, स्वतःच निवडणे, स्वतःच छापणे आणि वाचक स्वतःच गाठणे, हे सर्व ज्याने विशी-पंचविशीत धोका पत्करून केले, त्याला साहित्य म्हणजे केवळ लिहिणे असे पुढे कधीच वाटत नाही. साठच्या दशकातल्या आपल्या लघुअनियतकालिकांच्या चक्रमुद्रित अंकांची आठवण इथे अनेकांना होईल. मात्र आपल्याकडच्या त्या तरुणांना बहुतांशी पैशांची चणचण आणि प्रस्थापितांची उपेक्षा सोसावी लागली, तर रंगूनमध्ये पुस्तिका सापडणे म्हणजे तुरुंग होता, हा फरक आपल्या टिपणात पुसला जाऊ नये.

डिसेंबर १९९६ मध्ये रंगूनमध्ये पुन्हा विद्यार्थी रस्त्यावर आले. त्यातल्या सहभागासाठी को को थेट यांना अटक झाली आणि सुटकेनंतर १९९७ मध्ये त्यांनी देश सोडला. पुढे सिंगापूर, बँकॉक, हेलसिंकी, व्हिएन्ना आणि नंतर इंग्लंड असा त्यांचा प्रवास झाला. हे मुक्काम ओळीने मांडले की त्यांना आयुष्यभर भटकणारा निर्वासित म्हणून रंगवण्याचा मोह होतो, आणि आपण त्या मोहापासून दूर राहावे अशी माझी आग्रहाची विनंती आहे. ‘वनवास’, ‘मायभूमीची हाक’ असे शब्द मथळ्यात आले की वाचक कविता वाचण्याआधीच हळवा होतो आणि मग कवितेतला उपहास, खेळकरपणा आणि भाषेशी चाललेली झटापट त्याच्या लक्षातच येत नाही.

अभ्यासक म्हणून त्यांचा विचार याच संदर्भात करावा. युरोपातल्या वास्तव्यात त्यांनी विद्यापीठीय शिक्षण घेतले, व्हिएन्ना विद्यापीठात विकास-अभ्यास हा विषय शिकले, बर्मी राजकारणावर आणि कवितेवर लिहीत राहिले. त्यांच्याआधी परदेशी स्थिरावलेल्या बर्मी विद्वानांची परंपरा होतीच. लंडनच्या प्राच्यविद्या संस्थेत ला पे यांनी कित्येक वर्षे बर्मी भाषा आणि साहित्य शिकवले आणि बर्मी-इंग्रजी शब्दकोशाचे काम केले. अशा विद्वानांच्या मागे एक संस्था, एक पद आणि एक ग्रंथालय उभे असे. को को थेट यांची विद्वत्ता त्या घडणीची नाही. तिचा उपयोग त्यांनी मुख्यतः दुसऱ्यांच्या कविता वाचनीय करण्यासाठी केला: कोणता कवी कोणत्या वळणावर उभा आहे, कोणत्या संकेताशी भांडतो आहे, कोणता राजकीय संदर्भ टीप दिल्याशिवाय कळणार नाही आणि कोणता टीप दिली की निष्प्राण होईल, हे ठरवण्यासाठी. रॉटरडॅमच्या ‘पोएट्री इंटरनॅशनल’साठी म्यानमार विभागाचे संपादक म्हणून त्यांनी काम केले, आणि आग्नेय आशियाविषयीच्या ‘मेकाँग रिव्ह्यू’ या नियतकालिकाचे ते कवितासंपादक झाले. ही पदे मानाची वाटतात, पण त्यांतले रोजचे काम म्हणजे पत्रव्यवहार, परवानग्या, पाठभेद आणि मुद्रितशोधन हेच असते, आणि ते वर्षानुवर्षे करणारा माणूस फार थोड्या भाषांना लाभतो.

आता मूळ गोष्टीकडे येतो. २०१२ साली इंग्लंडच्या ‘आर्क’ प्रकाशनाने पंधरा समकालीन बर्मी कवींचे द्वैभाषिक संकलन काढले, ‘बोन्स विल क्रो’. को को थेट आणि इंग्रज कवी जेम्स बर्न हे त्याचे संपादक आणि अनुवादक. पुढच्या वर्षी नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाच्या प्रकाशनाने त्याची अमेरिकी आवृत्ती काढली. पाश्चात्त्य जगात प्रसिद्ध झालेले समकालीन बर्मी कवितेचे हे पहिले संकलन मानले जाते, आणि त्यातील अनुवादाला इंग्लिश पेन या लेखकसंस्थेचा पुरस्कार मिळाला. माझ्या मते को को थेट यांचे सर्वांत टिकाऊ काम हेच आहे, त्यांच्या स्वतःच्या कवितांहूनही.

हे काम कोणत्या काळात झाले ते पाहावे. संकलन आकाराला येत होते तेव्हा देशातली छाननी चालू होती, आणि पुस्तक बाहेर पडले त्याच वर्षी ती उठली. म्हणजे निवड करताना संपादकांना दोन प्रकारच्या कवींचा विचार करावा लागला असणार: जे देशाबाहेर होते आणि निर्धास्तपणे छापले जाऊ शकत होते, आणि जे रंगूनमध्येच राहून लिहीत होते व ज्यांच्या एखाद्या ओळीचा परदेशी पुस्तकातला अर्थ त्यांना घरी अडचणीत आणू शकत होता. सोपा मार्ग उघड होता. सरकारविरोधी कविता तेवढ्या गोळा करावयाच्या, प्रस्तावनेत तुरुंगवासांची यादी द्यावयाची, आणि पाश्चात्त्य वाचकाला जे हवे असते ते त्याच्या पुढ्यात ठेवावयाचे. या संकलनाने तो मार्ग धरला नाही. त्यात टिन मो (१९३३–२००७) आहेत, ज्यांनी चार वर्षे तुरुंगात काढली आणि लॉस एंजेलिसमध्ये अखेरचा श्वास घेतला. पण त्यांच्याबरोबर आंग चेइम्ट आणि थितसार नी यांच्यासारखे आधुनिकतेचे अध्वर्यू आहेत, भाषेलाच कवितेचा विषय करणारे झेयार लिन आहेत, आणि मा एइ, एइंद्रा व पांडोरा या कवयित्री आहेत. शहरातला कंटाळा, शरीर, बाजार, संगणक, प्रेमातली चिडचिड असे विषय जिथे येतात, तिथे कवीला निषेधाचा फलक होण्यापासून संपादकाने वाचवलेले असते. हुकूमशाहीखालच्या कवीलाही हुकूमशाहीखेरीज इतर विषय असतात, एवढे मान्य करणे हा संपादकीय नीतीचा भाग आहे.

निवडीमागची साहित्यिक समजही आपल्या वाचकाला कळली पाहिजे, म्हणून थोडा इतिहास सांगतो. जुन्या बर्मी पद्याची ओळ चार अक्षरांची असे, आणि यमक ओळीच्या शेवटी न राहता पायरीपायरीने मागे सरकत असे: पहिल्या ओळीचे चौथे अक्षर, दुसरीचे तिसरे, तिसरीचे दुसरे. बर्मी भाषेतले बहुतेक मूळ शब्द एकाक्षरी आणि उच्चारातल्या सुराच्या चढउतारावर अर्थ बदलणारे असल्याने ही रचना कानाला अतिशय घट्ट विणलेली वाटते. १९३० च्या दशकात रंगून विद्यापीठाच्या परिसरात ‘खितसान’ नावाची चळवळ झाली आणि झॉजी, मिन थू वुन यांच्यासारख्या कवींनी भाषा साधी व ताजी केली, पण यमक सोडले नाही. ते सोडण्याचा झगडा साठ-सत्तरच्या दशकांतला. १९६८ साली मॉंग था नो यांनी पाश्चात्त्य कवितांच्या अनुवादांचे एक पुस्तक काढले आणि तरुण कवींच्या एका सबंध पिढीवर त्याचा परिणाम झाला; यमकमुक्त कविता लिहिणाऱ्यांना परंपरावाद्यांकडून पुष्कळ बोल ऐकावे लागले. पुढे नव्वदनंतर झेयार लिन यांनी अनुवाद आणि विवेचन या दोन्ही मार्गांनी अर्थाच्या सलगतेलाच प्रश्न विचारणारी कविता आणली. पंधरा कवींचे ते संकलन वाचत गेल्यावर ही सगळी भांडणे कवितांमधूनच कळत जातात, आणि हे केवळ चांगल्या अनुवादकाच्या हातून होत नाही. त्याला इतिहास ठाऊक असावा लागतो आणि तो कुठे बोलून दाखवायचा व कुठे नाही, याचेही भान असावे लागते.

याच देशातून बाहेर पडलेल्या इतर लेखणीबहाद्दरांनी वेगळे मार्ग धरले. एडवर्ड लॉ-योन यांनी १९४८ साली रंगूनमध्ये ‘द नेशन’ हे इंग्रजी दैनिक सुरू केले, १९५९ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, ने विन यांच्या राजवटीत दैनिक बंद पडले आणि ते स्वतः सुमारे पाच वर्षे तुरुंगात राहिले. बाहेर आल्यावर थायलंडमधून पदच्युत पंतप्रधान ऊ नु यांच्या प्रतिकारात सामील झाले आणि शेवटी अमेरिकेत गेले. त्यांच्या कन्या वेंडी लॉ-योन यांनी इंग्रजीत कादंबऱ्या लिहिल्या आणि नंतर वडिलांच्या आयुष्यावर आठवणींचे पुस्तक लिहिले. १९८८ च्या आंदोलनातून बाहेर पडलेले आंग झॉ यांनी १९९३ मध्ये थायलंडमधून ‘द इरावडी’ सुरू करून पत्रकारितेचा मार्ग घेतला. यांच्या शेजारी को को थेट यांना ठेवले की त्यांचे वेगळेपण दिसते. वृत्तपत्र आजची बातमी देते, कादंबरी एका व्यक्तीच्या स्मृतीतून देश उभा करते. संकलन मात्र अनेकांना एकत्र बसवते आणि त्यांच्यापैकी कोणाच्याही वतीने बोलण्याचा आव न आणता प्रत्येकाला आपापल्या आवाजात बोलू देते. ज्या देशातली मासिकेच पाने फाटून वाचकांच्या हाती पडत होती, त्या देशाला अशा संकलनाची गरज किती होती, हे वेगळे सांगायला नको.

आपल्या सहसंपादकांच्या शंकेकडे आता वळतो. को को थेट बर्मीतही लिहितात आणि थेट इंग्रजीतही लिहितात. ‘द बर्डन ऑफ बीइंग बर्मीज’ हा त्यांचा संग्रह २०१५ साली आणि ‘बॅम्बूफोबिया’ हा २०२२ साली, दोन्ही अमेरिकेतील झेफिर प्रकाशनाने काढले. हे बर्मी साहित्य की इंग्रजी साहित्य, हा वाद आपल्या अंकात घालण्यात मला अर्थ दिसत नाही, कारण तो कवितेच्या वाचनात काहीच भर घालत नाही. प्रत्येक कवितेखाली ती मुळात कोणत्या भाषेत लिहिली गेली, इंग्रजीत कोणी आणली आणि मराठीत कोणी आणली, एवढे तीन तपशील द्यावेत. वाचक त्यावरून स्वतःचे मत बनवील. मला स्वतःला त्यांच्या इंग्रजी कवितेत अहवालांची, विकासकार्याची आणि राजनयाची भाषा उचलून तिला आतून पोखरण्याची जी रीत दिसते, ती युरोपात शिकलेल्या आणि आपल्याच देशाविषयी परक्यांनी लिहिलेले कागद वाचत राहिलेल्या माणसाचीच असू शकते. अभ्यासक त्यांच्या कवितेत असा शिरलेला आहे. म्हणून निवड करताना केवळ भावकवितांवर थांबू नये. रुक्ष वाटणाऱ्या, कार्यालयीन भाषेत बोलणाऱ्या कविताही घ्याव्यात आणि मराठी अनुवादकाने शासकीय परिपत्रकांची आपली मराठी निःसंकोच वापरावी.

१ फेब्रुवारी २०२१ च्या लष्करी बंडानंतरचा काळ या कारकिर्दीतला सर्वांत कठीण आणि, संपादक म्हणून पाहिले तर, सर्वांत मोठ्या जबाबदारीचा. ३ मार्च २०२१ रोजी मोनिवा येथे निदर्शनांवरील गोळीबारात के झा विन हे कवी मारले गेले. पूर्वी भिक्षू असलेल्या या कवीने २०१५ साली शिक्षणविषयक कायद्याविरुद्धच्या मोर्चात भाग घेतल्याबद्दल तुरुंगवास भोगलेला होता. मे महिन्यात खेत थी या कवीला ताब्यात घेण्यात आले आणि दुसऱ्याच दिवशी कुटुंबाच्या हाती त्यांचा मृतदेह आला. के झा विन यांच्या कविता इंग्रजीत आणणाऱ्यांमध्ये को को थेट प्रमुख होते. काही महिन्यांतच, २०२२ च्या आरंभी, त्यांनी आणि ब्रायन हामन यांनी संपादित केलेले साक्षीच्या कवितांचे व निबंधांचे संकलन प्रसिद्ध झाले, आणि त्याच्या उपशीर्षकातच १९८८ ते २०२१ हा काळ दिलेला आहे.

हा कालखंड निवडणे हा त्यांचा संपादकीय निर्णय होता आणि मला तो फार महत्त्वाचा वाटतो. जगाचे लक्ष बंडावर होते; केवळ २०२१ मधल्या कविता घेतल्या असत्या तरी पुस्तक वाचले गेले असते. पण सुरुवात १९८८ पर्यंत मागे नेल्यामुळे ताज्या मृत्यूंना एक वंशावळ मिळाली आणि नव्या कवींचा राग कोणाकडून वारशाने आला ते दिसले. शोकाच्या दिवसांत माणसे घाईने जे छापतात त्यातले पुष्कळसे नंतर वाचवत नाही. इथे घाई होती, तरी तिच्यामागे वीस-पंचवीस वर्षांचे वाचन, ओळखी आणि जपून ठेवलेले कागद होते. एखाद्या संपादकाची खरी परीक्षा अशाच वेळी होते: संकट आल्यावर जुळवाजुळव सुरू करणाऱ्याला उशीर झालेला असतो.

त्यांच्या कामाच्या मर्यादाही विभागात याव्यात; त्या न सांगितल्या तर लेख गौरवग्रंथातला वाटेल. पहिली मर्यादा भाषेची आहे. म्यानमारमध्ये कारेन, शान, काचिन, चिन, राखाइन, मोन आणि इतर अनेक भाषा बोलणारे समाज राहतात, सरकारी यादीत १३५ ‘राष्ट्रीय वंश’ मोजले जातात आणि त्या यादीत रोहिंग्यांना जागाच नाही. २०१२ चे संकलन बर्मी भाषेतल्या कवितेचे आहे, आणि बर्मी ही बहुसंख्य बमा समाजाची भाषा आहे. २०१७ मध्ये सात लाखांहून अधिक रोहिंग्या बांगलादेशात पळून गेल्यानंतर हे अंतर जास्तच टोचू लागले. २०१९ साली त्याच ‘आर्क’ प्रकाशनाने रोहिंग्या कवींचे स्वतंत्र संकलन काढले आणि त्याच्या संपादकांपैकी एक जेम्स बर्नच होते. आपल्या विभागात त्यातली एखादी कविता घेता आली, तर वाचकाला देशाचा नकाशा अधिक प्रामाणिकपणे दिसेल.

दुसरी मर्यादा कलेची आहे आणि ती प्रत्येक संकलनकर्त्याला भेडसावते. पंधरा कवींचा अनुवाद मुख्यतः एकाच जोडीच्या हातून झाला की पंधरांचे आवाज कळत नकळत एकमेकांसारखे होऊ लागतात, आणि अनुवादक स्वतः ताकदीचा कवी असला तर हा धोका वाढतो. ‘बोन्स विल क्रो’मध्ये काही ठिकाणी मला तो जाणवतो. समोरच्या पानावर बर्मी मजकूर दिल्यामुळे बर्मी जाणणारा वाचक पडताळा घेऊ शकतो, पण आपल्याकडे ती सोय नाही. म्हणून आपण निदान दोन, शक्य तर तीन मराठी अनुवादक घ्यावेत आणि एकाच कवीच्या सर्व कविता एकाच्या हाती ठेवाव्यात.

इंग्रजीवरून अनुवाद करताना आणखी एक गोष्ट लक्षात असू द्यावी. बर्मी वाक्यात क्रियापद मराठीप्रमाणेच शेवटी येते. इंग्रजीत ते पुढे ओढले जाते, आणि इंग्रजी ओळींचा क्रम जसाच्या तसा उचलला की मुळात शेवटी उघड होणारी गोष्ट मराठीतही विनाकारण आधीच सांगून टाकली जाते. त्यामुळे बर्मी वाचू शकणाऱ्या एखाद्या व्यक्तीकडून मुळातल्या ओळींचा क्रम विचारून घ्यावा. एवढ्यानेही कवितेचा श्वास बराच परत येतो. बोली आणि ग्रांथिक बर्मी यांत व्याकरणाच्या प्रत्ययांपासून फरक आहे. कवीने कुठे कोणती वापरली आहे हेही त्याच व्यक्तीला विचारावे, कारण इंग्रजीत हा भेद बहुधा दिसतच नाही आणि मराठीत तो सहज दाखवता येतो.

नावांच्या बाबतीत आपल्याकडे हमखास गोंधळ होतो. बर्मी माणसाला आडनाव नसते. ‘ऊ’, ‘दॉ’, ‘को’, ‘मा’, ‘मॉंग’ हे वय आणि मान दाखवणारे शब्द आहेत. पण तेच शब्द पुष्कळदा मूळ नावाचा किंवा टोपणनावाचा भागही असतात. को को थेट या नावातला ‘को को’ हा नावाचाच भाग आहे, म्हणून लेखात पुढे नुसते ‘थेट’ असे लिहू नये आणि अनुक्रमणिकेतही ते ‘को’खालीच यावे. इंग्रजीत ते आपले नाव पूर्णपणे लहान अक्षरांत लिहितात. देवनागरीत तो भेद दाखवता येत नसल्याने परिचयाच्या चौकटीत एका वाक्यात त्याचा उल्लेख करावा. देशाचे नाव ब्रह्मदेश, बर्मा की म्यानमार, याबद्दल एकच नियम सबंध विभागाला लावण्याचा हट्ट धरू नये; १९८९ साली लष्करी सरकारने इंग्रजी नाव बदलले आणि अनेक लेखक आजही जुने नाव जाणीवपूर्वक वापरतात, तेव्हा कवितेत जे असेल तेच ठेवावे.

मूळ बर्मी मजकुराची एखादी कविता छापण्याचा विचार असेल तर टंकाची खात्री आधी करून घ्यावी. म्यानमारमध्ये अनेक वर्षे झॉजी नावाचा टंक प्रचलित होता, जो युनिकोडच्या नियमांप्रमाणे चालत नसे. सरकारी पातळीवर युनिकोडकडे जाण्याचा निर्णय १ ऑक्टोबर २०१९ पासून अमलात आला. त्याआधीचा मजकूर युनिकोडमध्ये तसाच उघडला तर अक्षरे उलटसुलट होतात, आणि बर्मी न जाणणाऱ्याला ते कळतही नाही. जुन्या टंकांतला मराठी मजकूर युनिकोडमध्ये आणताना ज्यांनी रात्री घालवल्या आहेत त्यांना हा प्रकार परिचित आहे. म्हणून अंतिम पान बर्मी वाचणाऱ्याकडून चित्रस्वरूपात तपासून घेतल्याशिवाय छपाईला देऊ नये.

परवानगी प्रत्येक कवितेसाठी लेखी घ्यावी: मूळ कवीची, इंग्रजी अनुवादकाची आणि इंग्रजी प्रकाशकाची, अशी तिघांची. को को थेट यांच्या स्वतःच्या कवितांना हे सोपे आहे. देशात राहणाऱ्या कवींच्या बाबतीत मात्र परवानगीपेक्षाही मोठा प्रश्न सुरक्षिततेचा आहे. फेब्रुवारी २०२१ मध्ये लष्कराने दंडसंहितेत ५०५-अ हे कलम घातले, ज्याखाली भीती पसरवणारे किंवा खोटे ठरवलेले वक्तव्य केल्याबद्दल तीन वर्षांपर्यंत शिक्षा होऊ शकते. तेव्हा कमी प्रसिद्ध कवींच्या परिचयात गाव, नोकरी, कुटुंब, शिक्षणसंस्था असे काहीही आपल्या हौसेने भरू नये; छापील पुस्तकात संपादकांनी जेवढे दिले आहे तेवढेच घ्यावे, आणि छायाचित्र तर विचारल्याशिवाय मुळीच छापू नये. दिवाळी अंक आता महाजालावरही ठेवले जातात आणि ते कुठेही वाचले जातात, याचा विसर पडू देऊ नये.

पानांची विभागणी मी अशी करीन. पहिली दोन पाने छाननीव्यवस्थेची पार्श्वभूमी. मग ‘बोन्स विल क्रो’मधल्या पाच कवींच्या प्रत्येकी एक-दोन कविता, त्यांत टिन मो आणि झेयार लिन असावेत आणि निदान दोन कवयित्री असाव्यात. त्यानंतर के झा विन यांची एक कविता. को को थेट यांच्या स्वतःच्या चार-पाच कविता यानंतरच याव्यात, आणि त्यांची कारकीर्द सांगणारा लेख सर्वांत शेवटी. वाचक त्या लेखापर्यंत येईल तेव्हा ज्यांच्यासाठी त्यांनी हे काम केले ते कवी त्याने आधीच वाचलेले असतील. पाने कमी पडली तर लेख आखडावा; कवितांची संख्या कमी करू नये.